गच्चीवरचा बंब

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे ही दोन नावे दूरदूरच्या मुलखांत जोडीनेच घेतली जातात. त्या पोळ्यापर्यंत येथे पावसाचा अंमल चालू असतो; म्हणून ज्या यंत्राची सारी भिस्त सूर्यावर, ते सौर बंबाचे यंत्र सावरगावातील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ऐन आषाढात गच्चीवर बसवून घेण्याची तजवीज केली, तेव्हा ते काम जवळून पाहण्याचे कुतूहल मला आवरले नाही.

मिस्त्रीने आल्याबरोबर प्रथम स्लॅबचा उतार आणि पाणी वाहून जाण्याची वाट न्याहाळली. स्लॅबला भोके पाडून बोल्ट ठोकले की दोन पावसाळ्यांत छत गळू लागते, हा त्याचा अनुभव. यास्तव त्याने सिमेंटचे ओटे ओतून त्यांत लोखंडी घोडीचे पाय जखडले. शंभर लिटरच्या भरल्या टाकीत पाण्याचेच वजन शंभर किलो होते. तरीही रिकाम्या टाकीला वावटळीचे भय असतेच, असे तो म्हणाला.

खरा वाद झाला तो पाणी तापविणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या कलावरून. सावरगाव कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्यामुळे मेच्या अखेरीस व पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो, डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांवरच थांबतो. पावसाळ्यात ऊन दुर्मिळ, म्हणून नळ्या जवळजवळ आडव्याच ठेवाव्यात, असा यजमानांचा आग्रह होता. "भाऊ, पावसाळ्यातलं ऊन सोडून द्या, हिवाळ्यातलं पकडा," असे म्हणून मिस्त्रीने घोडी दक्षिणेकडे चांगली तिरपी केली. माझ्या मते न्याय त्याच्याच बाजूचा होता. ढगांतून झिरपणारा प्रकाश सर्व दिशांनी येतो, त्याला कलाची फारशी पर्वा नसते, आणि तिरप्या काचेवरची धूळ पाऊस फुकट धुऊन नेतो.

या नळ्या दुहेरी असतात; दोन भिंतींमधील हवा काढून घेतलेली असल्यामुळे शोषलेली उष्णता, थर्मासातल्या चहाप्रमाणे, बाहेर पळत नाही. नळीच्या बंद टोकाशी चंदेरी मुलामा दिसतो. तो पांढरा पडला की आत हवा शिरली आणि नळी निकामी झाली असे समजावे. मिस्त्रीने प्रत्येक नळीचे ते टोक डोळ्यांजवळ धरून तपासले, उघड्या तोंडाला साबणाचे पाणी लावले, आणि रबरी कड्यातून ती हलकेच फिरवीत टाकीत सरकविली. मग ढग फाकून ऊन पडले तशी त्याने नळ्यांवर ताडपत्री टाकली. कोरड्या नळ्या उन्हात तापल्यावर आत थंड पाणी सोडले तर त्या तडकतात.

पाणी नळ्यांतून टाकीत चढते ते कोणत्याही पंपाशिवाय: तापलेले हलके पाणी वर जाते, थंड जड पाणी त्याच्या जागी खाली उतरते. तापविण्याची जागा आणि साठविण्याची जागा अशी वेगळी करण्याची युक्ती कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने 1909 च्या सुमारास बाजारात आणली. तिच्यामुळेच रात्रीही पाणी ऊन राहू लागले. गरम टाकीच्या माथ्यावरून निघणारी हवेची नळी मात्र थंड पाण्याच्या टाकीतील पातळीहून उंच न्यावी लागते आणि तिचे तोंड कधीही बुजवायचे नसते. वाफेला व हवेला तीच एक वाट.

ढगाळ दिवशी पाणी कोमटच मिळते. सलग झड लागली की टाकीतील विजेचा हीटर चालू करावा लागतो, आणि त्या दिवसांचे वीजबिल या यंत्रामुळे वाचेल अशी आशा कोणी बाळगू नये. त्याची किंमत वसूल होते ती कार्तिकापासून माघापर्यंतच्या पहाटेच्या आंघोळींतून.

हे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्याने दुकानदाराशी लिटरांची आणि भावाची बोलणी करण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन थंड पाण्याच्या टाकीचा तळ नव्या टाकीच्या माथ्याहून उंच राहील की नाही हे पाहावे. राहत नसेल, तर आधी गवंड्यास बोलावून तिचा ओटा वाढवून घ्यावा.