ईद एक, सुट्ट्या दोन: सार्वजनिक सुट्टी ठरवतं कोण?

2025 ची ईद-ए-मिलाद घ्या. राज्याच्या यादीत सुट्टी होती शुक्रवारी, 5 सप्टेंबरला. पण लगेच 6 ला अनंत चतुर्दशी, त्यामुळे मुंबईतल्या मुस्लिम समाजाने जुलूस 8 ला काढायचं ठरवलं. मग सरकारने फक्त मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांची सुट्टी सोमवारी, 8 तारखेला नेली. बाकीकडे 5 च राहिली. म्हणजे महाड तालुक्यातल्या तुडीलमध्ये सुट्टी शुक्रवारी, आणि तुडीलचाच माणूस मुंबईत सरकारी नोकरीला असेल तर त्या दिवशी तो ऑफिसात!

हा अधिकार येतो कुठून? धर्माचा विषय म्हटला की आपण थेट राज्यघटनेचं कलम 25 उघडतो. गंमत म्हणजे इथेही कलम 25 च आहे, पण 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं. हा चेक-हुंड्यांचा कायदा. हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरली तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी देय धरायची, एवढ्यासाठी ते कलम. सुट्टी जाहीर करायचा अधिकार मुळात केंद्राचा. 8 मे 1968 च्या अधिसूचनेने तो राज्यांकडे आला.

या अधिसूचनेलाच आव्हान मिळालं जानेवारी 2024 मध्ये. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी राज्याने 22 तारखेची सुट्टी दिली, तेव्हा कायद्याचे चार विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले. सरकारने धार्मिक सोहळ्यासाठी अशी सुट्टी देणं धर्मनिरपेक्षतेत बसत नाही, हे त्यांचं म्हणणं. रविवारी खास सुनावणी झाली आणि याचिका फेटाळली गेली. सुट्टी हा शासनाच्या धोरणाचा विषय ठरला. 2022 मध्ये याच न्यायालयाने दादरा-नगर हवेलीच्या 2 ऑगस्टच्या सुट्टीसाठी आलेल्या याचिकेवर सांगितलं होतं की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा हक्क नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा: मागणाऱ्याच्या हाती काही नाही, हरकत घेणाऱ्याच्याही नाही. सगळं शासनाच्या मर्जीवर, आणि मला खरा प्रश्न तिथेच दिसतो.

म्हणून प्रबंधाच्या आराखड्यात 'यादीत कोणत्या धर्माच्या किती सुट्ट्या' अशी मोजणी करून थांबू नका. यादी बदलणारे आदेश गोळा करा. मागणी कुणाची होती, कारण काय दिलं, किती जिल्ह्यांपुरतं, हे त्यांवरून शोधता येतं. जिल्हाधिकारी देतात त्या स्थानिक सुट्ट्या मात्र वेगळ्या काढा. बँका आणि कोर्टांना त्या लागू नसतात.