विश्लेषण : स्वस्त हेडफोनही मनासारखा वाजू शकतो? निवड कशी करायची, बदल कोणते करायचे?

कान पूर्ण झाकणारे, म्हणजे ‘ओव्हर-इअर’ हेडफोन आता दोन-तीन हजार रुपयांतही मिळतात. मात्र घरी आणल्यावर कुणाला गायकाचा आवाज मागे पडल्यासारखा वाटतो, कुणाला झांज कानात टोचते, तर कुणाला ढोलकीची थाप पोकळ लागते. ‘स्वस्तातला आहे, असाच वाजणार’ असे म्हणून तो कपाटात जातो आणि महागड्या हेडफोनचा शोध सुरू होतो. यातील बऱ्याच तक्रारी थोडक्या खर्चात, काही तर फुकटातही दूर होऊ शकतात.

किंमत जास्त म्हणजे आवाज चांगला?

तसे दिसत नाही. संशोधक येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीतले आवाज हेडफोन किती कमी-जास्त प्रमाणात ऐकवतो, याला ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’ म्हणतात. तो आणि किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही. जादा पैसे बऱ्याचदा मजबूत बांधणी, आराम, बाहेरचा गोंगाट रोखणारी यंत्रणा आणि नाव यांसाठी मोजले जातात. या गोष्टी बिनकामाच्या नाहीत, पण त्यांचा अर्थ ‘आपल्याला आवडेल असा आवाज’ असा होत नाही.

‘चांगला’ आवाज सर्वांसाठी एकच असतो का?

बहुतेकांसाठी बराचसा सारखा, पण सगळ्यांसाठी नाही. हार्मन कंपनीतील संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या गटाने अनेक वर्षे श्रोत्यांना वेगवेगळे हेडफोन ऐकवून त्यांची पसंती नोंदवली. चांगले स्पीकर घरातल्या खोलीत जसे वाजतात, त्याच्या जवळ जाणारा आवाज ६४ टक्के श्रोत्यांना आवडला. १५ टक्क्यांना बास त्याहून जास्त हवा होता, तर २१ टक्क्यांना कमी. म्हणजे मित्राला ‘एक नंबर’ वाटलेला हेडफोन तुम्हाला न आवडणे यात तुमच्या कानांचा दोष नाही.

आपली आवड कशी ओळखायची?

पाठ असलेली तीन गाणी निवडा. डग्ग्याचा घुमारा आणि बास गिटार साधारण २५० हर्ट्झच्या खाली असतात. गायकाच्या आवाजाचा आणि पेटीचा मुख्य भाग त्यावरच्या मधल्या पट्ट्यात येतो. टाळ-झांजांची चमक आणि शब्दांतले ‘स’, ‘श’ पाच हजार हर्ट्झच्या आसपास आणि वर ऐकू येतात. नाट्यसंगीत किंवा ख्याल ऐकणाऱ्याला मधला पट्टा मोकळा हवा. लावणी, डीजेची गाणी ऐकणाऱ्याला खालचा भरीव. दुकानात दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज जवळपास सारखा ठेवा. मोठ्याने वाजणारा हेडफोन काही क्षण उगाच सरस वाटतो.

खरेदीआधी काय पाहायचे?

लोकलमध्ये, बसमध्ये किंवा ऑफिसात वापरायचा असेल तर मागून बंद असलेला ‘क्लोज्ड-बॅक’ घ्या. ‘ओपन-बॅक’ हेडफोनमध्ये आवाज मोकळा वाटतो, पण तो शेजाऱ्यालाही ऐकू येतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. वायरचा हेडफोन थेट फोनला लावायचा असेल तर साधारण ३२ ओहमचा बरा. २५० ओहमचा हेडफोन फोनवर बहुधा हळू वाजेल. पॅड काढता येतात का आणि वायर वेगळी होते का, हेही विचारा. या दोन सोयी असतील तर हेडफोन जास्त वर्षे टिकतो आणि त्यात बदलही करता येतात.

पहिला बदल कोणता?

आधी पॅड कानाभोवती नीट बसतात का ते तपासा. गाणे सुरू असताना दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबा. बास एकदम वाढला तर हवा कुठून तरी निसटते आहे. चष्म्याची जाड काडी, कानाजवळचे केस, सैल पट्टा किंवा झिजलेले पॅड ही त्याची नेहमीची कारणे. पट्टा एक घर कमी करा, चष्म्याची काडी पातळ आहे का पाहा.

त्यानंतर फोनमधला इक्वलायझर. स्पॉटिफायमध्ये तो आहे, आयफोनच्या सेटिंग्जमध्ये म्युझिक अॅपसाठी आहे. अँड्रॉइडवरील ‘वेव्हलेट’ अॅपमध्ये तर अनेक मॉडेलसाठी तयार दुरुस्त्या मिळतात. नियम एकच : वाढवण्याऐवजी कमी करा. आवाज टोचत असेल तर वरचा पट्टा दोन-तीन डेसिबल उतरवा. बास ४ डेसिबल वाढवलाच, तर एकूण पातळी (‘प्रीअॅम्प’) तेवढीच खाली आणा. नाहीतर आवाज फाटतो.

पॅड बदलून काय होते?

बरेच काही. कृत्रिम चामड्याचे पॅड हवा रोखतात, त्यामुळे बास टिकतो. मखमली पॅड उन्हाळ्यात सुखाचे, पण त्यांतून थोडा बास निसटतो. जाड पॅडने कान स्पीकरपासून दूर जातो आणि आवाजाचा तोल बदलतो. तैवानच्या सुपरलक्स कंपनीचा ‘एचडी ६८१’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. किमतीच्या मानाने तो स्पष्ट वाजतो, पण वरचे स्वर टोकदार. म्हणून हौशी श्रोते पॅड बदलतात किंवा पॅडखाली, स्पीकरच्या जाळीवर टिश्यू पेपरचा पातळ पदर ठेवतात. त्याने टोक बोथट होते आणि नाही आवडले तर पदर काढून टाकता येतो. एका वेळी एकच बदल करा आणि त्यावर दोन दिवस ऐका. कानाला नव्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो.

काय टाळायचे?

ब्लूटूथ हेडफोनचा कप उघडू नका. आत बॅटरी असते आणि वॉरंटीही जाते. नॉइज कॅन्सलेशन असलेल्या मॉडेलला भलतेच पॅड लावले तर गोंगाट रोखण्याचे काम बिघडू शकते. कपवरची बारीक छिद्रे विचार न करता टेपने बुजवू नका. बास अनेकदा त्यांवरच अवलंबून असतो.

सर्वांत महत्त्वाचे, कमी पडणारा बास आवाज वाढवून भरून काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलवर ही मर्यादा अवघी चार तास होते. नीट बसलेल्या पॅडमुळे कमी आवाजातही गाणे भरीव लागते. हेडफोन आवडला नाही तर बदलता येतो. मोठ्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती मात्र परत येत नाही.