दरोडा पुण्यात, नियम परदेशात

11 ऑगस्ट 2018, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकांत शिरलेल्या चोरांनी एटीएमवरील मागणीला बँकेऐवजी परस्पर मंजुरी देणारी बनावट यंत्रणा उभी केली आणि नकली कार्डांच्या साहाय्याने परदेशांतून सुमारे 78 कोटी रुपये काढले. देशात काढलेली रक्कम अवघी अडीच कोटींची. सोमवारी ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्फत आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगला गेले. 1906 पासूनच्या बँकेची ही गत, तर मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार ज्या लहान नागरी बँकांत पगारातली शिल्लक ठेवतो, त्यांची काय कथा?

देशातील अकरा आरोपींना पुण्याच्या न्यायालयाने 2023 मध्ये दोषी ठरविले. परदेशातील पुरावा मात्र सरकारी पत्रव्यवहारानेच मागवावा लागतो, आणि संगणकातील नोंदी पत्रोत्तराची वाट पाहत नाहीत. हा विलंब कमी करणारा बुडापेस्ट करार 2001 पासून अस्तित्वात आहे. भारत त्यात नाही. ज्या मसुद्याला आपला हात लागला नाही तो आयता का स्वीकारावा, ही भूमिका स्वाभिमानाची खरी. पण तिची किंमत परराष्ट्र मंत्रालय मोजत नाही, तपासाला निघालेला पोलीस मोजतो.

गंमत अशी की, ‘स्विफ्ट’ हीही बेल्जियममधील एक सहकारी संस्थाच आहे. तिच्यावरील देखरेख मुख्यतः दहा धनिक राष्ट्रांच्या गटातील मध्यवर्ती बँकांकडे. रिझर्व्ह बँकेला 2012 पासून विचारविनिमयाच्या मंडळात जागा मिळाली. 2016 मध्ये बांगलादेश बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर चोरीस गेल्यावर ‘स्विफ्ट’ने सुरक्षेचे नियम बंधनकारक केले. ऑक्टोबर 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनेही नागरी सहकारी बँकांसाठी नियमावली काढली. दोन्ही आवश्यकच होत्या. परंतु सुरक्षेचा खर्च शाखांच्या प्रमाणात घटत नाही. तीन शाखांच्या बँकेलाही जाणकार तंत्रज्ञ लागतो, आणि मोठ्या बँका देतात तो पगार तिला परवडत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नवा करार संमत केला. त्याच्या वाटाघाटींत विकसनशील राष्ट्रे प्रथमच बरोबरीने बसली. ऑक्टोबर 2025 मध्ये हनोई येथे तो स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. चाळीस राष्ट्रांनी अनुसमर्थन दिल्यावर तो अमलात यायचा आहे. पुरावा मिळविण्याचे त्यातील व्यापक अधिकार सरकारे आपल्याच नागरिकांवर वापरतील, ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. पण तांत्रिक साहाय्याचे कलम अधिक बारकाईने वाचावे: गरीब राष्ट्रांना मदत देण्याचा ‘आपल्या कुवतीनुसार विचार’ करणे, एवढेच बंधन तेथे आहे. लहान बँकेला मात्र नियम पाळण्याची तारीख ठरवून दिलेली असते.