जुन्या मोटारींची धुलाई आणि गंजप्रतिबंध

जुन्या मोटारींची धुलाई म्हणजे काही दशकांपूर्वी बनलेल्या, पोलादी पत्र्याच्या मोटारी पत्रा न गंजता स्वच्छ करून कोरड्या करण्याची पद्धत. रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत या विषयाला विशेष महत्त्व आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईकरांची अनेक शेतघरेही येथे आहेत, आणि शहरात जागा नसल्यामुळे घरातली जुनी गाडी पुष्कळदा शेतघराच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये येऊन राहते. अशी गाडी वापराने झिजण्यापेक्षा उभी राहून अधिक गंजते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात जुन्या गाड्यांपैकी सर्वांत परिचित गाडी म्हणजे फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ती बनत असे. मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. तिच्या बरोबरीची हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती.

या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा असतो. दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, तळाचा पत्रा आणि मागच्या पाट्यांच्या बैठका मिळून सगळा भार पेलतात. म्हणून येथे लागलेला गंज हा केवळ दिसण्याचा दोष नसतो. पट्टी आतून पोकळ झाली, की दरवाजे खाली बसू लागतात, नीट लागत नाहीत, आणि अपघातात आतील माणसाला मिळणारे संरक्षण कमी होते. बाहेरून लांबी भरून रंग मारल्यास हे सहज झाकता येते. जुनी गाडी घेणाऱ्यांची फसवणूक बहुतेक वेळा येथेच होते.

कायद्याच्या दृष्टीनेही मूळ पत्र्याला मोल आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते आणि त्याच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही.

गंज कसा लागतो

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले, की लोखंडाचा जलयुक्त ऑक्साइड तयार होतो, तोच गंज. पाण्यात मीठ किंवा आम्ल विरघळलेले असले, की त्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि ही क्रिया वेग घेते. अलिबाग, मुरूड किंवा उरणच्या मानाने कर्जतच्या हवेत समुद्राचे मीठ कमी असते, हा येथील गाड्यांना एक दिलासा. परंतु हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर टिकू लागतो, आणि येथे पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता या मर्यादेच्या बऱ्याच वर असते.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा उलटी वाटते. ओल्या पत्र्यावर चिखलाचा गोळा चिकटला असेल, तर गंज उघड्या भागापेक्षा त्या गोळ्याखाली अधिक लागतो, जरी तेथे प्राणवायू कमी पोहोचत असला तरी. कारण, प्राणवायू कमी असलेला भाग धनाग्र बनतो आणि तेथील लोखंड झिजते. भरपूर प्राणवायू मिळणारा भाग ऋणाग्र बनून सुरक्षित राहतो. मडगार्डच्या आतल्या कडा, रबरी पट्ट्यांखालचा पत्रा आणि दुहेरी पत्र्याचे सांधे आधी का सडतात, याचे उत्तर यातच आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा मोठे असल्याने तो रंगाला खालून फुगवतो. रंगाचा फोड दिसेपर्यंत आतले नुकसान पुष्कळ झालेले असते.

चकाकणाऱ्या बंपरवरील क्रोमचा थर अतिशय पातळ व सच्छिद्र असतो. त्याखालचे निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने छिद्रातून पाणी शिरताच बळी लोखंडाचा जातो. जस्ताचा मुलामा याच्या उलट वागतो; तो स्वतः झिजून लोखंड वाचवतो.

धुलाई

धुण्यासाठी सावलीची जागा आणि उन्हाळ्यातील किंवा हिवाळ्यातील कोरडा दिवस निवडावा. पुढे काही तास ऊन मिळेल अशी सकाळची वेळ उत्तम. गरम पत्र्यावर पाणी लगेच सुकून क्षारांचे डाग पडतात. विंधन विहिरीचे पाणी जड असल्यास हे डाग अधिक ठळक उमटतात.

प्रथम बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटर आणि कार्बोरेटर प्लॅस्टिकने झाकावेत. पुढील काचेखालच्या हवेच्या जाळीत साठलेला पालापाचोळा हाताने काढावा. झाडाखाली उभ्या असलेल्या गाड्यांत येथेच ओल धरून राहते आणि पाणी पायांशी झिरपते. मग नळीच्या मंद धारेने चिखल भिजवून उतरवावा. सर्व्हिसिंग केंद्रातील उच्चदाबाची धार जुन्या गाडीवर मारू नये. ती वाळलेल्या रबरातून आत घुसते आणि सैल झालेला रंग उडवते.

साबण सौम्य व अल्कलीरहित हवा. धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण मेणाचा थर काढून टाकतो. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची, म्हणजे खडे पुन्हा रंगावर घासले जात नाहीत. टपापासून खाली यावे. तळ धुऊन त्यावर डिझेल किंवा जळके तेल फवारण्याची प्रथा अजून आढळते. त्याने गंज काही काळ थोपतो हे खरे, पण रबरी बुश व ब्रेकच्या नळ्या फुगतात आणि तेलावर धूळ बसून ओल धरणारा लगदा तयार होतो.

वाळवणे

गाडी बिघडते ती धुण्यापेक्षा अर्धवट वाळवण्याने. शॅमॉय चामड्याने किंवा मऊ सूक्ष्मतंतू फडक्याने पाणी टिपून घ्यावे. प्रत्येक दरवाजाच्या तळाशी पाण्याच्या निचऱ्यासाठी भोके असतात. ती वर्षानुवर्षांच्या मातीने बुजतात. बारीक काडीने ती मोकळी करावीत. हे अगदी क्षुल्लक काम आहे, पण त्याइतके फळ देणारे दुसरे नाही. दरवाजे, बॉनेट आणि डिकी दोन-तीन तास उघडी ठेवावीत. पायाखालच्या चटया आणि त्यांखालचा नमदा उचलून उन्हात टाकावा, कारण ओल्या नमद्यामुळे तळ वरच्या बाजूने सडतो.

यानंतर गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी. त्याने सांध्यांतले पाणी झटकले जाते, सायलेन्सर तापतो आणि ब्रेक हलके दाबत गेल्यास ड्रम सुकतात. ओल्या ड्रमवर हातब्रेक ओढून गाडी उभी केल्यास ब्रेकशू ड्रमला चिकटून बसतात. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना लाकडी उटी लावाव्यात.

ठेवण्याची जागा

प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बाष्प कोंडते; सुती, हवा खेळणारे आच्छादन बरे. मातीची जमीन सतत ओल सोडते, म्हणून फरशी किंवा सिमेंटचा कोबा हवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पत्र्याच्या छपराला आतून दव धरते आणि पहाटे गाडीवर ठिबकते. शेतघरात गाडीशेजारी खतांच्या गोणी ठेवण्याची सवय विशेष घातक आहे, कारण ही खते हवेतील ओल शोषतात आणि त्यांतील क्लोराइड गंजाला गती देते. गुरांचा गोठा वा कोंबड्यांचे खुराडेही जवळ नसावे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना तडे जात, आणि त्याचे कारण मूत्रातून सुटणारा अमोनिया हे नंतर उलगडले. जुन्या गाडीच्या रेडिएटरमधील पितळालाही तोच धोका असतो.

लहानसा गंज दिसल्यास तो घासून त्यावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावतात. टॅनिक आम्लाने गंजाचे काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करत, त्यामागील रसायन हेच.

नदीत गाडी धुणे

उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या पात्रांत गाडी उतरवून धुण्याचा प्रकार गाडीलाही अपायकारक आहे. चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीसमध्ये पाणी शिरते आणि मागच्या आसातील तेल दुधाळ होते. शिवाय गाडीचे तेल व ग्रीस नदीत जाते. उल्हास नदीच्या खालच्या प्रवाहावर बदलापूर, अंबरनाथ, कल्याण या शहरांचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. नदीत प्रदूषक पदार्थ सोडणे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने निषिद्ध आहे. घराजवळ धुताना गाडी खडीच्या किंवा गवताच्या जागी उभी करून तेलकट भाग आधी चिंधीने पुसून घेतला, तर हे पाणी ओढ्याला मिळत नाही.