नगरपालिकेच्या गाड्या आणि त्यांचा मिस्त्री

कचरा उचलणारी गाडी, टंचाईच्या वस्तीत पाणी पोहोचविणारा टँकर, तुंबलेली गटारे उपसणारी गाडी आणि अग्निशामक बंब ही वाहने शहरात नित्य दृष्टीस पडतात. ती रात्री ज्या आवारात परततात, तेथे मात्र नागरिकाचे पाऊल सहसा पडत नाही. बिघडलेला भाग काढून नवा बसविणे एवढेच तेथील मिस्त्रीचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याच्या कामाचा मोठा भाग बिघाड होण्यापूर्वीच उरकावयाचा असतो, आणि त्यासाठी कोणती गाडी कशाने झिजते हे त्याला ठाऊक असावे लागते.

मालमोटारीचे आयुष्य किलोमीटरांत मोजण्याची चाल आहे. कचरागाडीच्या बाबतीत हे माप फसवे ठरते. ती दारोदार थांबत जाते. दिवसभरात 40 किलोमीटरच चालली, तरी तिचे एंजिन 8 तास सुरू राहू शकते; तेवढ्या वेळात महामार्गावरील मालमोटार 400 किलोमीटर अंतर कापील. निव्वळ किलोमीटर पाहून वंगणतेल बदलले, तर तासांच्या हिशेबाने कचरागाडीला ते दसपट उशिरा मिळेल. म्हणून जाणता मिस्त्री एंजिनाच्या तासांची नोंद ठेवतो. ब्रेकच्या अस्तरांना तर तासांचा हिशेबही पुरत नाही. ती थांब्यांच्या संख्येनुसार झिजतात.

या गाडीच्या मागील भागात कचरा चेपणारी यंत्रणा असते. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला नियम तिच्या मुळाशी आहे. एंजिनाच्या शक्तीवर चालणारा पंप तेलावर दाब आणतो आणि ते तेल दट्ट्याला ढकलते. 10 सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरवर 150 किलोग्रॅम दाब धरला, तर त्या दट्ट्यावर जवळजवळ 11,800 किलोग्रॅम भार येतो. मनगटाएवढ्या जाडीच्या दांड्याने केवढे काम होते ते यावरून ध्यानी येईल. त्यात धोका किती, हेही ध्यानी यावे.

मागील अवजड झाकण उचलून धरणारे तेल एखादी नळी फुटताच निघून जाते व झाकण खाली येते. सबब लोखंडी टेका लावल्यावाचून त्याखाली वाकावयाचे नाही, हा कार्यशाळेतील पहिला नियम होय. दुसरा धोका अधिक फसवा आहे. दाबाखालील रबरी नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर त्यातून निघणारी धार पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही, परंतु ती त्वचा भेदून मांसात शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते व आरंभी फारशी दुखतही नाही. त्यामुळे कारागीर ती पुसून पुन्हा कामाला लागतो. काही तासांत हात सुजू लागतो, आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा पंजा गमवावा लागतो. गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा नळीवरून फिरवून. हाताने चाचपून कधीही नव्हे.

अग्निशामक बंबाची अडचण नेमकी उलट आहे. तो बहुतेक वेळ उभाच असतो, आणि निघावयाचा तर क्षणात. जड वाहनांत दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात. गाडी उभी असताना चाके जखडून ठेवण्याचे काम बळकट स्प्रिंग करते आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे रेटून चाके मोकळी करतो. अशा रचनेत हवा गेली तर गाडी बेफाम सुटत नाही, जागीच अडते. रस्त्यावर हे संरक्षण होय. बंबाच्या बाबतीत मात्र रात्रभर झिरपून हवा संपली, तर घंटा वाजूनही तो हलणार नाही. यास्तव काही स्थानकांत उभ्या बंबाला कॉम्प्रेसरची नळी जोडून ठेवतात. हवा दाबली व पुढे निवली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते टाकीतून वरचेवर काढून टाकले नाही तर गंज चढतो, आणि लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात झडपांमध्ये बर्फ धरते.

1 एप्रिल 2020 पासून भारतात नव्या वाहनांना भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. अशा डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यास सुमारे 600 अंश सेल्सियस तपमान लागते. महामार्गावर धूर पुष्कळ तापतो; गल्लीबोळांतून रेंगाळणाऱ्या कचरागाडीत तो तितका तापत नाही. मग एंजिनाची यंत्रणा जादा डिझेल खर्चून गाळणी तापविते. नेमक्या त्याच वेळी चालकाने पाळी संपली म्हणून एंजिन बंद केले, की काम अर्धवट राहते. असे वारंवार झाल्यास गाळणी तुंबते आणि गाडीचा जोर कमी होतो. येथे मिस्त्रीला हत्याराइतकीच चालकाशी बोलण्याची गरज पडते.

1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले; नगरपालिकांची वाहनेही या नियमात येतात. जुन्या एंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या कारागिरापुढे आता दोषाचा सांकेतिक आकडा दाखविणारे उपकरण आले आहे. परंतु तो आकडा कोणत्या मंडलात दोष आढळला एवढेच सांगतो. तपमान मोजणारा भाग निकामी झाला काय, किंवा त्याची तार उंदराने कुरतडली काय, पुष्कळदा आकडा तोच उमटतो. दोहोंतील खरे कारण कोणते, हे गाडीखाली शिरून, मीटर लावून व तार बोटांनी तपासूनच ठरवावे लागते.