आशी पार्मांतिये : खिमा-बटाट्याचा फ्रेंच थर

फ्रान्समधल्या घरोघरी होणाऱ्या या पदार्थाला आंत्वान ओग्युस्तँ पार्मांतिये (१७३७–१८१३) या औषधतज्ज्ञाचं नाव आहे. सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत असताना त्याला बटाटे खावे लागले. तेव्हा फ्रान्समध्ये बटाटा म्हणजे गुरांचं खाणं. पार्मांतियेने त्याचा नेटाने प्रचार केला आणि १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने बटाटा खाण्यायोग्य ठरवला.

चौघांसाठी साहित्य : १ किलो बटाटे, अर्धा किलो खिमा, २ कांदे, ३-४ लसूण पाकळ्या, ५० ग्रॅम लोणी, पाऊण कप गरम दूध, थोडं किसलेलं चीज, मीठ, मिरपूड, जायफळ.

कृती :
१. कांदा-लसूण लोण्यात परतून त्यात खिमा शिजवा. पाणी पूर्ण आटवा, नाहीतर वरचा थर ओला पडतो.
२. उकडलेले बटाटे गरम असतानाच हाताने कुस्करून त्यात लोणी, दूध, जायफळ घाला. मिक्सर नको, त्याने बटाटा चिकट होतो.
३. भांड्यात खाली खिमा, वर बटाटा पसरा. काट्याने रेघा ओढून चीज भुरभुरवा.
४. २०० अंश सेल्सिअसला २५ मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत भाजा.

फ्रेंच घरांत यासाठी बहुतेकदा आदल्या दिवशीचं उरलेलं बीफ बारीक करून वापरतात. आपल्याकडे मटणाचा खिमाही छान लागतो. भट्टीतून काढल्यावर दहा मिनिटं थांबा, म्हणजे थर न मोडता वाढता येतील. या रविवारी नक्की करून बघा!