चाकूची मूठ : पदार्थ आणि पदनाम

वस्तूच्या नावावरून तिच्या द्रव्याचा बोध होतो, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत विश्वसनीय आहे याची परीक्षा करावयाची, तर नित्याच्या वापरातील आणि दीर्घ परंपरा असलेली एखादी लहानशी वस्तू निवडणे सोयीचे असते. खिशात बाळगण्याचा घडीचा चाकू ही अशी एक वस्तू होय. इंग्लंडमधील शेफील्ड येथील चाकूंच्या मुठींसाठी कोणती द्रव्ये पसंत केली गेली, त्या पसंतीची कारणे कोणती, आणि त्या द्रव्यांची नावे वस्तुस्थिती कितपत सांगतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शेफील्डची निवड दोन कारणांनी केली आहे. तेथील चाकूचा उल्लेख चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या काव्यात आढळतो व तेथील कारागिरांचा संघ १६२४ साली कायद्याने प्रस्थापित झाला. तेव्हा परंपरेचे सातत्य निर्विवाद आहे. दुसरे असे की, तेथील मुठींचे एक अत्यंत प्रतिष्ठित द्रव्य भारतातील अरण्यांतून जात असे.

प्रथम मुठीचे कार्य पाहू. कुऱ्हाडीचा दांडा किंवा सुरीची मूठ केवळ धरण्यासाठी असते. घडीच्या चाकूची मूठ मात्र एकाच वेळी मूठही असते आणि म्यानही असते. तिच्या पोटात पाते मिटते, आणि पाते उघडे वा मिटलेले राखणारी पोलादी कमान तिच्या पाठीत बसवलेली असते. त्यामुळे ही मूठ बहुधा अखंड नसते. आत पितळी पत्र्याचे अस्तर, त्याच्या दोन्ही अंगांस मूळ द्रव्याच्या दोन पातळ पट्ट्या, आणि त्यांतून आरपार गेलेले बारीक रिवेट, अशी तिची रचना असते. या पट्ट्यांना इंग्रजी कारागीर ‘स्केल’ म्हणतात. कवच, टरफल हा त्या शब्दाचा जुना अर्थ. पट्टी पातळ असूनही तिने रिवेटाच्या भोकाशी तडकू नये, हवेतील ओलाव्याने वाकू नये, घामाने खराब होऊ नये आणि ओल्या हातातून निसटू नये, या सर्व अपेक्षा एकाच द्रव्याने पुरवावयाच्या असतात.

या अपेक्षा सांबराच्या शिंगाने उत्तम रीतीने पुरवल्या. त्याचा बाहेरचा थर घट्ट व खडबडीत असतो, आणि आतील सच्छिद्र गाभा इतर अनेक हरणांच्या मानाने कमी असतो. पट्टी कापल्यावरही तिचा मूळचा खडबडीतपणा राहतो, व हाताला पकड मिळते. बागकामाच्या चाकूंना या मुठी विशेष मानवल्या, याचे कारण हेच. म्हशीच्या शिंगाचे तसे नाही. ते उष्णतेने मऊ होते, दाबून हवा तो आकार देता येतो आणि त्यावर झिलई सुंदर चढते. पण कोरड्या हवेत ते आकसते, वाकते, त्याचे पदर सुटतात आणि त्याला कीडही लागते.

येथे मराठीच्या अभ्यासकाने थांबून विचार केला पाहिजे. वरील दोन्ही द्रव्यांना आपण ‘शिंग’ हा एकच शब्द वापरला. वस्तुतः सांबराचे शिंग हे हाड आहे. ते दरवर्षी गळून पडते व पुन्हा उगवते. म्हशीच्या शिंगाचे कवच नखांप्रमाणे केराटिनाचे असून ते जन्मभर टिकते. ‘शिंगे मोडून वासरांत शिरणे’ या वाक्प्रचारात जे शिंग अभिप्रेत आहे, ते हे दुसरे. इंग्रजी भाषेत या दोहोंस भिन्न शब्द आहेत. मराठीत शास्त्रीय लेखनात भरीव व पोकळ अशी विशेषणे लावून हा भेद करावा लागतो. एखाद्या संग्राहकाने ‘मूठ : शिंगाची’ एवढीच नोंद केली, तर मूठ टिकाऊ होती की वाकणारी, द्रव्य अरण्यात वेचलेले होते की खाटकाकडून आलेले, यांतील काहीच त्या नोंदीवरून कळत नाही.

पसंतीच्या श्रेणीत जे द्रव्य वर असते, त्याचे रूप खालची द्रव्ये धारण करतात. गुरांच्या नडगीचे हाड स्वस्त व मुबलक, परंतु गुळगुळीत. ते उकळून त्यातील चरबी काढून टाकतात, पट्ट्या कापतात, त्यांवर लहान लहान खाचा पाडतात आणि तपकिरी रंग देतात. हेतू हा की, ते सांबरशिंगासारखे दिसावे व हातालाही तसेच लागावे. पुढे याच खाचा पाडलेल्या हाडास हिरवा, लाल, निळा असे रंग देण्यात येऊ लागले. निळ्या शिंगाचे हरीण कोणी पाहिलेले नाही! म्हणजे खाच ही सांबराचे अनुकरण न राहता स्वतंत्र अलंकरण झाली. ‘शाई’ या शब्दाचा प्रवास असाच आहे. फारसीतील ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. तरीही आपण निःशंकपणे लाल शाई म्हणतो. तेल हे मूळचे तिळाचे. आज ते शेंगदाण्याचेही असते. रूप टिकते, मूळ संदर्भ गळून पडतो. १९६० साली डेलरिन हे प्लॅस्टिक बाजारात आले आणि अमेरिकेतील कारखान्यांनी त्यावर खाचा पाडलेल्या हाडाचे रूप साच्यातून उमटवले. हे अनुकरणाचे अनुकरण झाले.

हस्तिदंताची कथा याहून बोधप्रद आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट यांनी सेल्युलॉइड सिद्ध केले, ते बिलियर्डच्या चेंडूंतील हस्तिदंतास पर्याय म्हणून. लवकरच ते चाकूंच्या मुठींवरही आले. परंतु जुने होताना ते विघटन पावते आणि त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शेजारचे पातेच गंजते. दिसण्यातील साम्य गुणधर्मातील साम्याची हमी देत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. आफ्रिकी हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा निर्णय १९८९ साली झाला. भारतातून सांबरशिंगांची निर्यात विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात थांबली. तेव्हापासून नाव हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहिलेला नाही. ‘हस्तिदंती’ हे द्रव्याचे विशेषण आहे की रंगाचे, यावर वस्तूची वैधता अवलंबून असू शकते.

सर्वच परंपरांत अशी श्रेणी प्रभावी असते असे मात्र नव्हे. फ्रान्समधील सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली घडवलेल्या चाकूची मूठ एका लाकडी तुकड्याची, मधोमध चीर पाडलेली असते. बीच वृक्षाचे लाकूड ही तिची नेहमीची निवड. ते सहज कातता येते व पुरेसे कठीण असते. ओलाव्याने ते फुगते आणि पाते उघडणे जड जाते, हा त्याचा दोष. तरीही ते दुसऱ्या कोणत्याही द्रव्याचे सोंग घेत नाही. तेथे नाव व द्रव्य यांत अंतर पडलेले नाही.

या विवेचनावरून कोशकाराने व लोकजीवनातील शब्दांच्या संग्राहकाने एक पथ्य पाळावे, असे सुचवावेसे वाटते. हत्याराच्या मुठीची नोंद करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात : मूठ प्रत्यक्षात कशाची आहे, ती कशासारखी दिसावी म्हणून घडवली आहे, आणि बोलणारा तिला काय म्हणतो. ही तीन उत्तरे एकच आली, तर नोंद सोपी होते. ती भिन्न आली, तर त्या भेदातच त्या वस्तूचा सामाजिक इतिहास साठलेला असतो. ‘पदार्थ’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ पदाचा अर्थ असा आहे. परंतु पद हाती आले म्हणून पदार्थ हाती आला असे समजण्याची घाई अभ्यासकाने करू नये.